घरचे व्यायाम रोज होत नाहीत, काय करू?

साखळीची आई: मुलगा साडेचार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी), डावा हात आखडलेला. थेरपिस्टने पानभर व्यायाम दिलेत. संध्याकाळी नुसती रडारड. सासूबाई म्हणतात, "पोराला कशाला छळतेस?" दुकान सांभाळून कसं जमवायचं?

फोंड्याची ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमावीत म्हणून सराव देणारी): सगळं पान एकदम नको. त्याला स्वतःला काय करायचंय ते विचारा, तेवढंच धरा. 2009 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पालकांनी घरी असा सराव 8 आठवडे, महिन्याला सरासरी 17-18 वेळा, दर वेळी साधारण 16 मिनिटं करून घेतला. तेवढ्यानेही फरक पडला. पेज खाताना डाव्या हाताने वाटी धरू दे, खाली ओलं फडकं घाला, सरकणार नाही. पाय लोंबकळतात का? पाटावर टेकवा. बूड स्थिर नसेल तर हात काय करणार! हात मात्र ओढून सरळ करू नका.

डिचोलीचे आजोबा: आमची नात चतुर्थीला नेवऱ्यांच्या कडा दाबते, दोन्ही हातांनी. वाकड्या होतात, आम्ही खातो.

साखळीची आई: त्याला सायकलचं हँडल धरायचंय!

फोंड्याची ओटी: मग तेच पहिलं. थेरपिस्टला सांगा, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) लागेल का ते हात बघून ठरवतील. सासूबाईंना पण घेऊन जा.