व्हॅलिडेशनचे मेसेज ब्राउझरवरच सोडून द्यावेत का?

रकाना: काल येथे एका सदस्याने लिहिले की, फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासून (म्हणजे व्हॅलिडेशन करून) ब्राउझर चुकीबद्दलचा मेसेज आपणहून दाखवत असताना प्रत्येक रकान्यासाठी वेगळा मजकूर लिहिणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. हे मला मुळीच पटलेले नाही. ब्राउझरचा मेसेज पानाच्या भाषेत येत नाही, तो ब्राउझरच्या भाषेत येतो. पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ ॲट्रिब्यूटमध्ये मराठी लिहिले तरी त्यात फरक पडत नाही. माझ्या आईने एका मराठी फॉर्ममध्ये पासबुकात पाहून आयएफएससी कोड भरला आणि पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला. दिलेल्या नमुन्याशी जुळवा, असे इंग्रजीत पुन्हा पुन्हा येत राहिले आणि ती मात्र अकरा अक्षरे बोटाने मोजत राहिली. ‘पाचव्या जागी शून्य असते, ओ नव्हे’ एवढे एक वाक्य तिथे हवे होते.

सबमिट: ते मीच लिहिले होते आणि आजही माझे मत तेच आहे. ‘सेट कस्टम व्हॅलिडिटी’ या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने रकान्याला लावलेला आपला मजकूर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, देऊन पुसावा लागतो. आमच्या प्रकल्पात तो पुसायचा राहिला, त्यामुळे लोकांनी चूक दुरुस्त केली तरी फॉर्म पुढे जाईना, आणि दोन दिवस तक्रारी माझ्याकडे आल्या. शिवाय आयएफएससीत पाचवे चिन्ह शून्यच असते, तर ‘ओ’चे शून्य प्रोग्रामनेच करून घ्यावे, आईला धडा कशाला द्यायचा?

काना_मात्रा: मेसेज लिहिणारे मराठीचा विचार करतात तरी का? लाराव्हेल या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये एकच साचा सगळ्या रकान्यांना लावतात. मग ‘पत्ता भरलेले नाही’, ‘जन्मतारीख भरलेले नाही’ आणि ‘पत्तामध्ये चूक आहे’ असली वाक्ये तयार होतात. पत्त्यामध्ये! सामान्यरूप नावाची गोष्ट मराठीत आहे.

सबमिट: ‘आवश्यक आहे’ असे लिहिले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

काना_मात्रा: प्रश्न उरत नाही, पण बोलणे नोटिशीसारखे होते. ‘तुमचा पत्ता लिहा’ असे आपण समोरच्या माणसाला सहज म्हणतो, मग फॉर्मनेच तसे का म्हणू नये? प्रत्येक रकान्याचा मजकूर वेगळा देण्याची सोय लाराव्हेलमध्येही आहे आणि जँगो या तशाच दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही. कंटाळा आपला आहे आणि त्याचे खापर भाषेवर फोडू नका.

वेलांटी: मेसेजच्या आधी नियम तपासा. माझे नाव देवनागरीत लिहिले की ‘फक्त अक्षरे वापरा’ असे उत्तर येते, कारण मजकूर तपासायच्या नमुन्यात, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, युनिकोडचा (सगळ्या लिपींच्या चिन्हांच्या प्रमाण यादीचा) फक्त ‘अक्षर’ हा वर्ग घेतलेला असतो आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळे ‘मार्क’ या वर्गात मोडतात. स्वतःचे नाव अचूक लिहून चुकीचे ठरवले जाणे किती अपमानाचे असते, हे फॉर्म बनवणाऱ्यांना कधीतरी कळावे.

रकाना: ‘ओ’चे शून्य प्रोग्रामने करावे, हे मला मान्य आहे. मात्र पॅनमधले एखादे अक्षर गळले, तर प्रोग्राम ते कुठून आणणार? तिथे सांगावेच लागेल.

सबमिट: पॅन आणि आयएफएससीपुरते मान्य करतो, तेही नाइलाजाने. पण मजकूर पुसण्याचा कोड इनपुट इव्हेंटवर (रकान्यात काही टाइप होताच चालेल असा) आधी लिहा आणि मेसेज त्यानंतर. तो कोड दिसला नाही, तर मी रिव्ह्यू पास करणार नाही.