'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मराठीतून कसा शिकवावा?

मेधा_सोलापूर

नमस्कार. मी दर रविवारी आमच्या वसाहतीतील काही महिलांना इंग्रजी शिकवते. दोन आठवड्यांपूर्वी 'गेट टायर्ड' म्हणजे थकणे, 'गेट अँग्री' म्हणजे रागावणे, 'गेट रेडी' म्हणजे तयार होणे अशी उदाहरणे देऊन मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, येथे 'गेट'चा अर्थ 'होणे' असा आहे. पुढच्या रविवारी 'माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे' या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थिनीने 'माय डॉटर वॉन्ट्स टू गेट अ डॉक्टर' असे करून आणले. या इंग्रजी वाक्याचा अर्थ मुलीला डॉक्टरांना बोलावून आणायचे आहे असा होतो. मी शिकवलेला नियम तिने प्रामाणिकपणे पाळला होता, त्यामुळे चूक माझीच म्हणावी लागेल.

शब्दकोशात पाहावे तर मिळवणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे, करवून घेणे अशी रांगच लागते, आणि त्यांपैकी कोणता अर्थ केव्हा घ्यायचा हे कोश सांगत नाही. ही यादी पाठ करून घेण्याव्यतिरिक्त काही मार्ग आहे का?

जुना_मास्तर

मेधाताई, यादी पाठ करून घेऊ नका. 'गेट'चा अर्थ त्याच्या पोटात फारसा नसतो, त्याच्या मागून येणाऱ्या शब्दात असतो, एवढे एकदा मुलींच्या लक्षात आले की अर्धे काम होते. मागून नाम आले तर मिळणे, मिळवणे किंवा आणणे: 'गेट अ जॉब', 'गेट सम मिल्क'. विशेषण आले तर होणे. आपल्या विद्यार्थिनीची गफलत नेमकी येथे झाली. 'डॉक्टर' हे नाम आहे, आणि नामाशी 'गेट' जोडले की 'होणे' हा अर्थ उरतच नाही; तेथे 'बिकम' हवे. स्थळ आले तर पोचणे: 'गेट होम', 'गेट टू पुणे'.

याच्या पुढचा प्रकार मराठी माणसाला खरोखर अडवतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. न्हाव्याकडून केस कापून आल्यावर आपण सरळ 'मी केस कापले' असे म्हणतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. त्याचेच शब्दशः इंग्रजी 'आय कट माय हेअर' असे केले तर ऐकणाऱ्याला वाटते की, आपण आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली. तेथे 'आय गॉट माय हेअर कट' असे म्हणावे लागते, म्हणजे आपले 'कापून घेतले'. घड्याळ दुरुस्त करून घेणे, कागदपत्रे साक्षांकित करून घेणे, ब्लाउज शिवून घेणे, अशा सर्व 'करून घेण्या'साठी हीच रचना चालते: आधी वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप.

वस्तूच्या जागी माणूस आला की मात्र मध्ये 'टू' लागतो: 'आय गॉट हिम टू साइन'. 'मेड' वापरले तर हा 'टू' गळतो: 'आय मेड हिम साइन'. अर्थातही फरक आहे, आणि सुदैवाने तो मराठीत सहज दाखवता येतो. 'मेड' म्हणजे त्याला सही करायला लावली. 'गॉट' म्हणजे समजावून, मागे लागून किंवा गोड बोलून त्याच्याकडून सही करवून घेतली.

शब्दांचा_माग

मास्तरांच्या विवेचनाला थोडी इतिहासाची जोड देतो. 'गेट' हा इंग्रजीचा जन्मजात शब्द नसून नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतील 'गेटा' या क्रियापदापासून तो आला. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता, पण तो मुख्यतः जोडशब्दांत दिसे. आजच्या 'फरगेट' आणि 'बिगेट' या शब्दांत त्याचा अवशेष राहिला आहे. मिळवणे किंवा हाती लागणे हा मूळ अर्थ धरला, तर 'फरगेट' म्हणजे हातातून निसटणे, हे किती समर्पक वाटते पाहा.

'गॉटन' या रूपाचाही उल्लेख करावासा वाटतो, कारण अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना ते हमखास ऐकू येते. ब्रिटनमध्ये ते जवळजवळ मागे पडले, अमेरिकेत टिकले, आणि तेथे त्याला वेगळे कामही मिळाले. अमेरिकन माणूस 'आय हॅव गॉट अ कार' म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणतो तेव्हा त्याने ती मिळवली आहे. त्यामुळे 'गॉटन' म्हणजे अशुद्ध इंग्रजी, ही आपल्याकडच्या काही शिक्षकांची समजूत बरोबर नाही.

उंबरठा

मास्तरांचा नियम वर्गात उपयोगी पडेल यात शंका नाही, परंतु 'गेट'च्या पोटात फारसा अर्थ नसतो हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. 'गेट'ला एकटे न पाहता 'बी' आणि 'हॅव' यांच्या शेजारी उभे करून पाहावे. 'बी अँग्री' म्हणजे रागात असणे आणि 'गेट अँग्री' म्हणजे राग येणे. 'हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी असणे आणि 'गेट अ कोल्ड' म्हणजे सर्दी होणे. 'बी मॅरिड' म्हणजे विवाहित असणे आणि 'गेट मॅरिड' म्हणजे लग्न होणे. एक बाजू स्थितीची आहे, दुसरी त्या स्थितीत शिरण्याची. 'बी इन पुणे' आणि 'गेट टू पुणे' यांतही तेच नाते आहे. 'आय गेट इट' म्हणजे 'आत्ता उमगले', हा अर्थही याच घरातला: मघाशी कळत नव्हते, आता कळले. जी गोष्ट नव्हती ती झाली, हा अर्थ 'गेट' बहुतेक ठिकाणी स्वतःबरोबर घेऊनच येतो.

शिवाय एकाच क्रियापदाच्या इतक्या अर्थांचे आपल्याला नवल का वाटावे? आपले 'लागणे' पाहा. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वाटेत नदी लागते, पुण्याला जायला चार तास लागतात, मूल रडू लागते, आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने 'लागणे म्हणजे काय?' असे विचारले, तर आपणही त्याच्यापुढे यादीच ठेवू. यांतील पहिल्या दोन वाक्यांना इंग्रजीत 'गेट'च चालते, हे मेधाताईंनी वर्गात जरूर सांगावे.

मेधा_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. 'असणे' आणि 'होणे' यांच्या जोड्या फळ्यावर दोन स्तंभांत मांडण्याची कल्पना मला फार आवडली. आता एक उपप्रश्न विचारते. 'आय गॉट टू मीट हर' आणि 'आय हॅव गॉट टू मीट हर' ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी वाटतात. यांत अर्थाचा फरक किती?

जुना_मास्तर

फरक मोठा आहे. पहिल्या वाक्याचा नेहमीचा अर्थ 'मला तिला भेटायला मिळाले', म्हणजे संधी लाभली. दुसऱ्याचा अर्थ 'मला तिला भेटलेच पाहिजे', म्हणजे गळ्यात पडलेली सक्ती. पहिल्या प्रकाराला 'पाहायला मिळाले', 'ऐकायला मिळाले' ही आपली रचना जवळजवळ तंतोतंत जुळते, त्यामुळे तो शिकवणे अवघड जाऊ नये. गोंधळ होतो तो बोलण्यात, कारण भराभर बोलताना दुसऱ्या वाक्यातील 'हॅव' आखडतो किंवा गळूनच जातो, आणि मग संधी की सक्ती हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.

उंबरठा यांच्या हरकतीबद्दल सांगायचे तर, ती मला अर्धी पटली. स्थितीत शिरण्याचा अर्थ विशेषण, आजार आणि स्थळ यांच्या बाबतीत चोख बसतो. पण 'आय गॉट हिम टू साइन' येथे मी कोणत्या स्थितीत शिरलो?

उंबरठा

आपण शिरला नाहीत, त्याला शिरवलेत. 'आय गॉट वेट' म्हणजे मी भिजलो, 'आय गॉट हिम वेट' म्हणजे त्याला भिजवले. आपल्याकडे भिजणे आणि भिजवणे अशी दोन रूपे करावी लागतात. इंग्रजीत मध्ये एक कर्म घातले की 'गेट'च प्रयोजक होते. सहीचे वाक्यही त्याच साच्यातले आहे.

लेस्टरची_सून

चर्चा वाचून एक भर घालते. 'उतरणे' या आपल्या शब्दामुळे आपण भारतात सर्रास 'गेट डाउन फ्रॉम द बस' असे म्हणतो. येथे इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात मी बसमध्ये शेजारच्या आजींना 'आय वॉन्ट टू गेट डाउन' म्हणाले, तर त्या घाबरून माझ्या पायांकडे पाहू लागल्या. मी खाली बसते आहे असे त्यांना वाटले असावे. झाडावरून किंवा शिडीवरून उतरताना 'गेट डाउन' ठीक असते. बस, आगगाडी आणि विमान यांसाठी 'गेट ऑन' व 'गेट ऑफ', तर मोटार किंवा रिक्षासाठी 'गेट इन' व 'गेट आउट' असे येथे म्हणतात. मेधाताई, आपल्या विद्यार्थिनींपैकी कोणी इकडे येणार असेल, तर एवढे मात्र आधी शिकवून ठेवा.