मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये शॉटगन रचनेतून बाहेरचा टॉस कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. ओहायोत माझ्या मुलाच्या हायस्कूल फुटबॉल संघाच्या सरावाला मी मदत करतो. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) सेंटरच्या, म्हणजे त्याला चेंडू देणाऱ्याच्या, मागे सुमारे ५ यार्डांवर आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) त्याच्या शेजारीच उभा असतो, त्यामुळे टॉस, म्हणजे कडेने धावण्यासाठी त्याच्याकडे फेकलेला चेंडू, हातात येतो तेव्हा धावणाऱ्याने वेग घेतलेलाच नसतो आणि तोवर डिफेन्सिव्ह एंड (बचाव फळीच्या टोकाचा खेळाडू) आत घुसून बाहेरची वाट अडवतो. गेल्या सामन्यात टॉस बॅकच्या बोटांना लागून निसटला. मागे टाकलेला चेंडू खाली पडला तरी जिवंतच राहतो, त्यामुळे तो प्रतिस्पर्ध्यांनी उचलला. पोर नंतर बराच वेळ हेल्मेट न काढता बाकावर बसून होते, ते पाहवले नाही.

कडेला उभ्या रिसीव्हरने आत येऊन एंडला क्रॅक ब्लॉक करावा, म्हणजे बाहेरून येऊन अडवावे, आणि आमच्या फळीतल्या टॅकलने पुल करून, म्हणजे जागा सोडून बाहेर धावत, कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) गाठावे, असा माझा विचार आहे. मात्र नजरेआडून येणारा असा ब्लॉक शालेय नियमांनुसार उघड्या हातांनीच करावा लागतो, तो मुलांना सुरक्षितपणे कसा शिकवावा? की ख्रिस ऑल्ट यांनी २००५ मध्ये नेव्हाडा विद्यापीठात रुजवलेल्या पिस्तूल रचनेप्रमाणे बॅकला क्वार्टरबॅकच्या मागेच उभे करावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष शिकवले आहे, त्यांनी बॅकचे पहिले पाऊल कसे पडावे हेही कृपया सविस्तर सांगावे.