सपाट रस्त्यावर, वेग स्थिर असताना टर्बोचा बूस्ट अचानक का वाढतो?

शिरोली_फाटा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ सालची, दीड लिटर डिझेल इंजिनाची बीएस-६ गाडी असून तिचे ६२ हजार किलोमीटर झाले आहेत. कामानिमित्त आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून निपाणीला जाणे होते. एरवी गाडी राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच फिरते. मागच्या महिन्यात हौसेने गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा ओबीडीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर घेतला आणि तेव्हापासून डोक्याला ताप झाला आहे.

कागल सोडल्यावर क्रूझ कंट्रोलवर ताशी ८० च्या वेगाने जाताना इंजिन १८०० आरपीएमच्या आसपास असते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, ०.२ ते ०.३ बार दिसतो. परंतु कधी कधी, चढ नसताना आणि वेगात काहीही बदल नसताना, तो ०.७ बारपर्यंत जातो, दहा-पंधरा मिनिटे तिथेच राहतो आणि मग आपोआप उतरतो. तेवढ्या वेळात मायलेजचा आकडा २१ वरून १४ वर येतो. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. गॅरेजमध्ये दाखवले असता, टर्बो जाम होत असून तो उतरवून साफ करावा लागेल, असे सांगण्यात आले. तो खर्च करण्याआधी आणखी काय तपासावे?

उद्यमनगर_लेथ

आधी आकडा खरा आहे का ते पाहा. गाडीतला मॅप सेन्सर निव्वळ बूस्ट मोजत नाही, तो इंजिनात शिरणाऱ्या हवेचा एकूण दाब मोजतो. त्यातून वातावरणाचा दाब वजा करून ॲप तुम्हाला बूस्ट दाखवते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे वातावरणाचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि मॅपचा आकडा वाचा. तो ९५ च्या जवळपास आला, तर सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. १०५-११० आला, तर सेन्सर चुकतो आहे असे समजून टर्बोचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

दुसरे असे की, स्थिर वेगात थोडा बूस्ट दिसणे डिझेलमध्ये स्वाभाविक आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळे त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमध्ये, बहुधा व्हॅक्यूम असतो, म्हणून पेट्रोल गाडीवाल्यांचे आकडे वाचून घाबरू नका.

तवंदी_घाट

टर्बो जाम होणे काय असते ते मी भोगले आहे. माझ्या जुन्या गाडीत व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो होता. टर्बाइनभोवतीची पाती मिटली की धुराची वाट अरुंद होते, धूर जोरात आदळतो आणि बूस्ट वाढतो. पाती उघडली की कमी होतो. काजळी साचून माझी पाती मिटलेल्या स्थितीत अडकली आणि घाट चढताना पी०२३४, म्हणजे जास्त बूस्टचा कोड येऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीत, गेली. चार माणसे आत आणि मागे ट्रकांची रांग, अशी ती वेळ होती.

मात्र अडकलेली पाती दर वेळी मोजून पंधरा मिनिटांनी सुटत नाहीत, म्हणून मला त्या निदानाबद्दल शंका वाटते. पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल आणि कोणी फाटलेल्या नळीला दोष देत असेल, तर तेही बहुधा उलटेच आहे. अशा बहुतेक टर्बोंमध्ये व्हॅक्यूम पाती मिटवतो, त्यामुळे नळी फाटली तर बूस्ट कमी होतो. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, असलेल्या साध्या टर्बोत मात्र ॲक्च्युएटरची दाबाची नळी निसटली की बूस्ट वाढतो. या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी मेकॅनिकही करतात.

खरी परीक्षा एकच. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, दोन्ही एकाच आलेखावर घ्या. तुमच्या ॲपमध्ये ती सोय नसेल, तर कंपनीचा स्कॅनर असलेल्याकडून घ्या. प्रत्यक्ष रेषा मागणीच्या वर जाऊन राहिली, तर टर्बो किंवा त्याचा ॲक्च्युएटर दोषी. दोन्ही रेषा जोडीने चढल्या, तर टर्बो हुकमाचा ताबेदार आहे आणि हुकूम का सुटला ते शोधायचे.

शिरोली_फाटा

दोघांचेही आभार. इंजिन बंद असताना मॅप ९५ आला. रविवारी निपाणीपर्यंत जाऊन आलेख घेतला: मागणीची रेषा आधी चढली, प्रत्यक्ष रेषा तिच्या मागोमाग गेली आणि चौदा मिनिटांनी दोन्ही एकत्र उतरल्या. आणखी एक गोष्ट आठवली. मागे एकदा बूस्ट वाढलेला असतानाच निपाणीत चहाला थांबलो होतो, तेव्हा आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, ८०० ऐवजी १००० आरपीएम होते, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहिला आणि खालून करपल्यासारखा वास येत होता.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट

मग कोडे सुटले. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर, स्वतःला साफ करून घेत आहे. साठलेली काजळी जाळायला फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो आणि त्यासाठी ईसीयू जास्तीचे डिझेल उशिरा फवारते; तुमचे मायलेज तिथे जाते. त्याच वेळी बऱ्याच इंजिनांत ईजीआर झडप मिटवली जाते. एरवी जो धूर परत इंजिनात वळवला जात असतो, तोही मग टर्बाइनमधूनच जातो आणि त्याची जागा ताज्या हवेने भरावी लागते. बूस्टची मागणी वाढते ती यामुळे.

टर्बोला हात लावू नका. निपाणीला पोहोचेपर्यंत बूस्ट चढलेलाच असेल, तर चहा जरा पुढे ढकला आणि सफाई पूर्ण होऊ द्या, कारण ती अर्धवट सुटली की पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते. राजारामपुरी-शाहूपुरीच्या फेऱ्यांत ती पूर्ण होणे कठीण आहे. आणि आजच डिपस्टिक काढून पाहा. अर्धवट सफायांमध्ये न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढत जाते. टर्बोचे बेअरिंग त्याच ऑइलवर जगते.

शिरोली_फाटा

पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या अर्धा बोट वर असून बोटावर घेतल्यावर पातळ लागते आणि डिझेलचा वास येतो. गॅरेजला टर्बोचे काम नको म्हणून कळवले आहे. उद्या फक्त ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलून घेतो.