राउटर बदलण्याआधी हे तपासा

छोट्या ऑफिसात दुपारी वाय-फाय तुटतं, राउटर बंद-चालू केला की तासभर चालतं, या तक्रारीवर नवा राउटर घ्या असा सल्ला इथे एकाने दिलाय. इतक्यात पैसे घालू नका. आधी दोष वाय-फायचा की लाइनचा ते ठरवा. एक लॅपटॉप केबलने जोडा, दुसरा वाय-फायवर ठेवा, दोन्हींवरून राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि ८.८.८.८ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग (समोरून उत्तर येतंय का ते बघणारा छोटा संदेश) चालू ठेवा. केबलवर राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८कडून उत्तर थांबलं, तर कनेक्शनवाल्याला बोलवा. फक्त वाय-फायवरून राउटरच गायब होत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला चॅनेल १, ६, ११ पैकी मोकळा निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

छोट्या ऑफिसात हमखास नजरेतून सुटतो तो आतल्या केबिनसाठी जोडलेला दुसरा, जुना राउटर. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते आपोआप वाटायची सोय) चालूच राहतं, दोघेही पत्ते वाटतात आणि कुणाला तरी चुकीचा गेटवे (बाहेर इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) मिळतो. त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला, डीएचसीपी बंद करा, केबल वॅन (इंटरनेटच्या लाइनसाठीचं) पोर्ट सोडून लॅन (आतल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टात लावा. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ताही मुख्य राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेर हवा. पिंगचे निकाल इथे टाका, पुढचं मिळून बघू.