शब्दचर्चा: 'की', 'किंवा' आणि पुंज तर्कशास्त्रातला 'मी'

शब्दवेडी:
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. क्वांटम लॉजिक वापरून जाणिवेबद्दल, 'मी'बद्दल काही नवं सांगता येतं का, असा विषय. पहिल्या पानावरच अडले. क्वांटमला 'पुंज', सुपरपोझिशनला 'अध्यारोपण', कॉन्शसनेसला 'चैतन्य' असं लिहीत गेले आणि वाचून पाहिलं तर प्रवचन झालंय. काय करू?

कोपऱ्यातला:
'पुंज' राहू द्या. पुंज सिद्धांत, पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) हे शब्द विश्वकोशापासून रुळलेत. पुंज म्हणजे रास, आणि क्वांटम म्हणजे ज्याचे आणखी वाटे पडत नाहीत तो, ही माझी जुनी तक्रार. पण ती लढाई कधीच हरलोय. 'चैतन्य' मात्र काढा. आपल्याकडे ते सनई वाजली की घरात पसरतं. 'चेतना' घेतलीत तर चेतापेशी, चेतासंस्था मागोमाग येतात. डॉक्टर विचारतात ती 'शुद्ध', कीर्तनात हरपतं ते 'भान'. त्यातल्या त्यात 'जाणीव' बरी, तिच्यात जाणणं ही क्रिया आहे. (उपकाराचीही जाणीवच असते, त्याला इलाज नाही.)

मास्तर:
'अध्यारोपण'ही जपून. लाटेवर लाट चढते तशा अर्थाने भौतिकीवाल्यांनी तो घेतला. पण वेदान्तात अध्यारोप म्हणजे दोरीवर दिसलेला साप. दिवा आणला की साप जातो, कारण तो नव्हताच. पुंजयामिकीत दोन अवस्थांची बेरीज हा भास नसतो, प्रयोगात तिचा परिणाम दिसतो. लेख 'मी'बद्दल म्हटल्यावर वाचक हमखास दोरीच धरणार.

टवाळ:
'तळ्यात-मळ्यात' घ्या की!

मास्तर:
हसलो, पण नाही. खेळात पोर कुठल्याही क्षणी तळ्यात तरी असतं नाही तर मळ्यात तरी.

कोपऱ्यातला:
खरी गंमत 'लॉजिक'मध्ये आहे आणि तिकडे कुणी बघतच नाहीये. १९३६ मध्ये गणितज्ञ बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी दाखवलं की पुंजयामिकीतल्या विधानांना तर्कशास्त्रातला वितरणाचा नियम ('अ, आणि ब किंवा क' म्हणजेच 'अ आणि ब, किंवा अ आणि क') लागू पडत नाही. चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकक्षेत्रातून सोडला की त्याचे दोन झोत होतात. श्टेर्न आणि गेरलाख यांचा १९२२ चा फ्रांकफुर्टमधला प्रयोग. समजा क्षेत्र आडवं ठेवून 'उजवे' अणू तेवढे निवडले. आता 'हा अणू उजवा आहे, आणि तो वर किंवा खाली आहे' हे विधान खरं. उभं क्षेत्र लावलं तर तो वर तरी जाणार नाही तर खाली तरी, मधे कधीच नाही. पण 'उजवा आणि वर' खरं नाही, 'उजवा आणि खाली'ही नाही. 'किंवा' खरा, त्याच्या दोन बाजूंपैकी एकही खरी नाही.

हे सांगायला मराठीकडे आयतं हत्यार आहे. इंग्रजीला दोन्हीकडे एकच 'ऑर' पुरतो. आपल्याकडे 'चहा किंवा कॉफी चालेल' वेगळं, 'चहा की कॉफी?' वेगळं. 'किंवा' सांगतो, 'की' निवड मागतो. त्या अणूबद्दल 'वर किंवा खाली' खरं आहे. 'वर की खाली?' याला मोजण्याआधी उत्तरच नाही. मोजलं की उत्तर मिळतं, पण मग तो 'उजवा' राहत नाही.

शब्दवेडी:
अहो, हे तर थेट माझ्यावर बसतंय! भांडणानंतर आई विचारते, "रागावलीस की दुखावलीस?" तोवर दोन्हीपैकी एकही धड नसतं. एकदा "रागावले" म्हणून टाकलं की दिवसभर रागच येत राहतो.

मास्तर:
म्हणूनच ऑब्झर्व्हरला 'साक्षी' लिहू नका. साक्षी नुसता पाहतो, पाहिल्याने काही बदलत नाही, हेच त्याचं लक्षण. इथे मोजणारा अणूचं उजवेपण घालवून बसतो. 'निरीक्षक' म्हटलं की अन्न निरीक्षक आठवतो, पण तो निदान डब्यात हात तरी घालतो.

नवखा:
म्हणजे मेंदूत क्वांटम चालतं हे सिद्ध झालंय ना? भौतिकशास्त्रज्ञ पेनरोझ म्हणतात तसं?

कोपऱ्यातला:
नाही हो. पेनरोझ आणि भूलतज्ज्ञ हॅमरॉफ पेशींमधल्या सूक्ष्मनलिकांकडे बोट दाखवतात. भौतिकशास्त्रज्ञ टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशोब मांडला की मेंदूच्या उबेत अशी अवस्थांची बेरीज सेकंदाच्या दहा लाख कोटींव्या भागात, किंवा त्याही आधी मोडते. हॅमरॉफ गटाला तो हिशोब मान्य नाही. ताईंच्या लेखाला त्याची गरजही नाही. माणसं निर्णय कसे घेतात हे अभ्यासणारी ब्यूसमायर, ब्रुझा वगैरे मंडळी मेंदूत अणू शोधत नाहीत, फक्त गणित उसनं घेतात. १९९७ च्या अमेरिकेतल्या गॅलप जनमत पाहणीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का, हे आधी विचारलं तेव्हा ५० टक्के 'हो' म्हणाले. उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्याबद्दल आधी विचारून मग क्लिंटन यांचं नाव काढलं तेव्हा ५७ टक्के. प्रश्न तेच, क्रम बदलला. अशा आकड्यांना हे गणित बरं लागू पडतं. यावरून 'मी म्हणजे लाट' असं लिहिलंत तर मी अंक घेणार नाही.

शब्दवेडी:
नाही लिहिणार! अध्यारोपण काढून 'अवस्थांची बेरीज' करते. राहिला 'सेल्फ'. 'आत्मा' नको, 'अहं' गर्विष्ठ वाटतो, 'स्व' शिबिरातला.

टवाळ:
'आपण' घ्या. स्वतः, आपण सगळे आणि समोरचे आदरणीय, तिन्ही एकात.

मास्तर:
टवाळा, या वेळी बरोबर बोललास. पण ताई, क्रियापद कुठलं लावणार? 'आहे', 'आहोत' की 'आहात'?

शब्दवेडी:
'की' नको मास्तर, 'किंवा' म्हणा.