मदत हवी आहे: नाताळात स्टॉकहोम पायी फिरायचं आहे (२२ ते २६ डिसेंबर)

आई (वय ६८) आणि मी या तारखांना स्टॉकहोमला आहोत. मुक्काम टी-सेंट्रालेन स्टेशनजवळ. आई रोज पाच किलोमीटर चालते, पण बर्फावर चालायची सवय नाही. दोघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही. जुनं शहर आणि नाताळबाजार २५ ला पाहायचे ठरवले आहेत. चालेल ना? बूट इथूनच घ्यावेत का?

पायवाट:
२५ ला नको. स्वीडनमध्ये खरा सण २४ चा. त्या दिवशी दुपारनंतर दुकानं, जेवणाची हॉटेलं बंद होत जातात आणि २५ ला शहर जवळपास मिटलेलं असतं. जुन्या शहरातल्या स्टूरतोरयेत चौकातला नाताळबाजार सहसा २३ लाच उठतो, म्हणजे तुमच्या हातात २२ आणि २३ एवढेच दिवस. वासा संग्रहालय (बुडालेलं जुनं जहाज वर काढून ठेवलंय ते) २४-२५ बंद, ते २६ ला ठेवा.

दुसरं म्हणजे उजेड. सूर्य पावणेनऊला उगवतो, तीनच्या आधी मावळतो. दहाला निघा: कुंगस्ट्रेडगोर्डेन बाग, पूल ओलांडून राजवाडा, स्टूरतोरयेत, वेस्टरलोंगगातान रस्ता, यार्नतोरयेत चौक. अंतर दीड किलोमीटरच्या आत. परत येताना शेपस्ब्रूनचा धक्का धरा, तो सपाट आहे. चौकातून धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्ल्या आईंसाठी टाळा. मोर्टेन त्रोत्सिग गल्ली जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आणि सगळी पायऱ्यांची. ती खालूनच बघावी.

रानवारा:
बुटांबद्दल. ताज्या बर्फाची एवढी भीती नाही. दिवसा वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला पातळ थर दगडी फरसबंदीवर दिसतच नाही, घसरतात ते त्यावर. वाटांवर खडी टाकतात. खडी दिसेल तिथूनच चाला. बूट इथून घ्या, पण जाड लोकरी मोज्यांवर घालून बोटं हलतील एवढे सैल. घट्ट बुटात पाय लवकर गारठतात. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे, ब्रोद्दार, तिथे क्रीडासाहित्याच्या दुकानात २२ लाच घ्या. दुकानात किंवा मेट्रोत शिरताना मात्र ते काढायचेच, गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरवतात. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं, लोकरीचं घ्या. भिंतीलगत चालू नका, छपरावरून बर्फ कोसळतो. फुटपाथवर अडथळे लावलेले दिसले तर पलीकडून जा.

धागाकर्ती:
आभार! २४-२५ ला जेवायचं काय? आणि आई दमली तर?

पायवाट:
२३ लाच ब्रेड, चीज, दही, फळं, सूप भरून ठेवा. केशराचे लुसेकातर पाव बहुधा अंड्याचा हात फिरवून भाजतात, म्हणून टाळा. पेपरकाकोर बिस्किटांत सहसा अंडं नसतं, तरी विचारून घ्या. ग्लग (मसाल्याची गरम वाइन) बिनदारूची मागा. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं. बाजारातही कार्ड चालतं, रोख फार काढू नका.

एसएलचं (शहराची सार्वजनिक वाहतूक) तिकीट ७५ मिनिटं चालतं, मेट्रो, बस, ट्राम सगळ्यांना. जुन्या शहराच्या दक्षिणेच्या स्लुसेनहून यूरगोर्डेन बेटावर (वासा तिथेच) जाणारी बोटही त्यातच, आई दमल्या तर चालणं वाचेल आणि पाण्यावरून शहरही दिसेल. मेट्रोच्या फाटकाला बँकेचं कार्ड टेकवणार असाल तर दोघींची वेगळी हवीत, एकावर दोघं जाता येत नाही. ६५ पुढच्यांना सवलतीचं तिकीट आहे.

रानवारा:
२४ ला दुपारी दोनच्या सुमारास मारियातोरयेत मेट्रो स्टेशनहून मोन्तेलिउसवेगेन या उंचावरच्या पायवाटेवर जा. सूर्य कलताना खाली मेलारेन सरोवर, समोर सिटी हॉल. माझ्या मते शहरातली सर्वांत सुंदर जागा. वाट बास्तुगातान रस्त्याकडून धरा, पाण्याकडच्या पायऱ्या गोठलेल्या असतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि नकाशा नेमका तेव्हाच लागतो.